जांभळा करगा

वहिनीच्या टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले तरी खोकला हटेना, तेव्हा आईने निकाल देऊन टाकला: सून गोळ्या खात नाही, चुलीत टाकते. आमच्या आईच्या निकालावर अपील नसतं. वहिनी तिच्यासमोर गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायची. आई तिकडे बघायचीसुद्धा नाही. मला दोघींचाही राग यायचा. एकीचा बोलण्याबद्दल, दुसरीचा ऐकून घेण्याबद्दल.

शेवटी खैरलांजीहून बसने दोघींना बालाघाटला घेऊन गेलो. आधी थुंकी नुसती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, आता ती मशीनमध्ये तपासली. डॉक्टर म्हणाले, हिच्या जंतूवर नेहमीचं मुख्य औषध चालतच नाही. जंतू वाढताना आपल्या जनुकाची नक्कल करतो. क्वचित त्यात चूक होते आणि औषध जिथे पकड घेतं ती जागाच बदलते. असे जंतू सुरुवातीला मोजकेच असतात. पण उपचार मध्येच सुटला, की बाकीचे मेलेले असतात आणि वाढायला हेच उरतात. वहिनीने गोळ्या चुकवल्या म्हणून हे झालं असं त्यांना वाटत नव्हतं. बदललेला जंतूच तिला कुणाकडून तरी लागला असावा. घरात आधी कुणाला टीबी होता का, त्यांनी विचारलं. बाबांना होता, त्यातच गेले, मी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये आई भांडायला उठली. रोग कसा बदलेल? मग मी तिला करग्याची आठवण करून दिली. करगा म्हणजे धानात धानासारखंच उगवणारं रानटी तण, लोंबी येईपर्यंत ओळखू न येणारं. बाबांनी वैतागून जांभळ्या पानांचं धान लावलं होतं. धानाच्या बांधीत हिरवं दिसेल ते उपटायचं, आणि उपटण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण काही वर्षांत करगाही जांभळा दिसू लागला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. थोडी रोपं धानाशी संकर होऊन जांभळी निघाली, ती आईच्या हातून सुटली आणि मग त्यांचंच बी पडत गेलं.

आई हळूच बोलली.

"तुह्या बाबाले मीच म्हनलं होतं, आता बरे दिसता, राहू द्या त्या गोळ्या. त्यायच्या उलट्या पाहवत नव्हत्या मले."

पुढच्या सीटवर तोंडाला पदर लावून बसलेल्या वहिनीने ऐकलं असणार, पण ती वळली नाही. मला आईची फार दया आली. आमच्याकडे सासू सुनेची माफी मागत नाही, तिनेही मागितली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून नव्या गोळ्यांचा डबा तिने स्वतःकडे घेतला.

काही महिन्यांनी वहिनीचं अंग भरलं, खोकला गेला. एका सकाळी ती सहज म्हणाली की आता बरं वाटतं, राहू द्या आजची गोळी. आईने पाण्याचा गिलास तिच्यापुढे धरला.

"बरं वाटते म्हनूनच घे, पोरी."

वहिनीने मुकाट्याने गोळी गिळली आणि सवयीने तोंड उघडलं.

"मिट," आई म्हणाली. "तू घेते, ठाऊक हाय मले."