गायगोधनाला कापलेलं गवत

मूर्तिजापूरहून आलेला माणूस ओसरीवर उभाच राहिला. "विनायकराव गेले जी," एवढंच बोलला. त्याला महिना होत आला. मी अजून चिडलेलाच आहे. कुणावर चिडावं, ते मात्र कळत नाही.

विनू माझा शाळेपासूनचा मित्र. मी अमरावतीला वकिली करू लागलो आणि हा शहाणा अकोल्याच्या सरकारी मळ्यात गवत वाढवू लागला. लहानपणी त्याच्या घरची गाय कुसळांनी तोंड सोलवटून उपाशी राहिली होती, ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. दिवाळीनंतर रानातलं मारवेल गवत कडक होतं. तेव्हाही मऊ आणि गोड राहील असं मारवेल त्याला हवं होतं. एकेक ठोंब दाताखाली चावून पाहायचा आणि गोड लागेल त्याचंच बी पुन्हा पेरायचा. "गाईच्या आधी तूच चरतोस," मी म्हणायचो. केस पांढरे झाले तेव्हा कुठं त्याला ते साधलं, तेही मळ्याच्या एका तुकड्यापुरतं… आणि नेमका तेव्हाच वरून हुकूम आला, त्या तुकड्यात कापूस लावा. कापूस विलायतेला जातो, गवत कुठं जाणार! बी पिकेपर्यंत नांगर थांबवा, एवढं त्यानं हातापाया पडून मिळवलं आणि दिवाळीला माझ्याकडे आला. इकडे पाडव्याला गायगोधन. गाई सजवायच्या, त्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं. मळ्यातल्या माणसांनी विनूचं गवत कापून गाईंपुढे टाकलं. दुसऱ्या दिवशी तुकडा मोकळा दिसला म्हणून मळ्याच्या वरच्या साहेबानं नांगर घातला.

विनू अकोल्याला परतला तेव्हा त्याच्यासोबत मीही गेलो होतो. मळ्यातला सुकदेव गडी कौतुकानं सांगू लागला, "तुमीच म्हनत होते ना साहेब, लय गोड हाये म्हनून. नांगर तं फिरनारच होता. म्हटलं, सनाच्या दिवशी गाईच्या तोंडी तं लागू द्या."

"खाल्लं का त्यांनी?" विनूनं विचारलं.

"एक काडी नाई ठेवली जी!"

"बरं झालं," विनू म्हणाला आणि ढेकळांतून मुळं वेचायला बसला.

ती मुळं त्यानं मूर्तिजापूरला आपल्या घरच्या अंगणात लावली. उन्हाळ्यात विहीर आटली, तीही वाळली. त्यानंतर विनू नुसताच जगला. मी भेटायला गेलो की अंगणातल्या त्या जागेकडे बघत, तोंडात कसलीतरी काडी धरून बसलेला दिसायचा…

परवा अकोल्याला गेलो. त्या तुकड्यात कापूस फुटला होता. विनूच्या गवताचं एखादं बी चुकून पडलं असेल, म्हणून कडेच्या धुऱ्यावर, बांधावर उगवलेल्या मारवेलाची एकेक काडी चावत हिंडलो. लोक बघत होते, बघोत. मग आठवलं, विनूचं ते गवत मी कधी चावलंच नव्हतं. त्याची चव विनूला ठाऊक होती, आणि त्या गाईंना.