किल्ली नसलेलं दार

जग संपल्यानंतरचं शहर रचणं हे थोरलीचं काम. कॉम्प्युटर गेममधल्या त्या पडक्या शहरात राक्षस कुठून झडप घालतील, गोळ्या कुठे सापडतील, सारं तीच ठरवायची. एका गल्लीत तिने स्वतःचंच घर उभं केलं होतं. तिथे कुणाचं हत्यार चालत नसे आणि राक्षसही उंबऱ्याबाहेरच थांबत. फक्त धाकट्या भावाची खोली बंद होती. तो वारल्यापासून, सहा वर्षं, खऱ्या घरातही आईने ती कुलपात ठेवली होती.

"साहेब म्हणतात, दार आहे तर किल्ली हवीच, नाहीतर खेळणारे डोकं आपटत बसतात," ती आईला म्हणाली. "उघड ना गं. त्याचं टेबल, बूट, आहे तसं वहीत उतरवून घेते."

"राक्षसांना बाहेर ठेवतेस आणि आईच्या मानगुटीवर बसतेस होय!" आई हसण्यावारी न्यायला गेली. शेवटी तिने किल्ली दिली.

आत नुसत्या चार भिंती होत्या. बघवेना म्हणून आईने पहिल्याच महिन्यात सगळं वाटून टाकलं होतं. कुलूप लावलं होतं ते लेकीला कळू नये म्हणून.

थोरलीने उघडलेली वही मिटली.

"बूट निळे होते ना गं त्याचे?"

आईला आठवेना.