खानावळवालीचं पाकिटातलं जेवण

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "वजन किती तुमचं?"

"असंल नव्वदच्या आसपास," मी म्हणाले.

त्यांनी काट्यावर उभं राहायला सांगितलं. काटा चौऱ्याण्णववर थांबला. उजवा गुडघा बदलावा लागेल, डाव्याचं नंतर बघू, पण आधी वजन ऐंशीपर्यंत आणा, मग तारीख देतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "आणते." हे मी इतक्या पटकन म्हणाले की त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. असं म्हणणारे त्यांनी खूप पाहिले असणार.

बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. नवरा वारल्यावर सुरू केली, त्याला आता अठरा वर्षं झाली. दोन्ही वेळचे मिळून पन्नासेक लोक जेवतात. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी, दवाखान्यात पेशंटसोबत आलेले नातेवाईक, कचेरीतले एकटे राहणारे नोकरदार. भाकऱ्या थापायला माझ्यासोबत एक बाई आहे, शिरूर कासारकडची. पंधरा हंगाम ऊसतोडीला गेली, मग कंबरेनं साथ सोडली तेव्हा कोयता ठेवून माझ्याकडे आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला अक्का म्हणते.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीला मी फोनवर डॉक्टरांचं सांगितलं. चौथ्या दिवशी कुरिअरवाला भलामोठा खोका घेऊन दारात उभा. त्यात तीन महिन्यांचं जेवण होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी वेगवेगळ्या रंगांची पाकिटं. दलिया, उपमा, ओट्सची खिचडी, सूप, दुधात घालून प्यायची पावडर. सोबत एक तक्ता, आणि आठवड्यातून एकदा कंपनीतल्या मुलीचा फोन येणार, असं लिहिलेलं.

"आई, तुला काहीच करायचं नाही. फक्त गरम पाणी ओतायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं," लेक म्हणाली.

"आगं, मी पन्नास माणसांचं रांधते आन् मपलं जेवण पाकिटातून काढू?"

"हो. कारण तुझ्या हातचं तुला आवरत नाही."

मला राग आला. पण खोटं नव्हतं ते. आणि डॉक्टरांपुढे "आणते" म्हणून बसले होते. खोका आतल्या खोलीत ठेवला, तक्ता मिठाच्या बरणीमागे भिंतीला चिकटवला आणि ठरवलं, तीन महिने तोंडात या पाकिटांखेरीज काही जाणार नाही.

पहिला आठवडा फार अवघड गेला. समोर येसर मसाल्याच्या आमटीला उकळी फुटलेली, तव्यावर भाकरी टम्म फुगलेली, खलबत्त्यात ठेचा, आणि माझ्या हातात वाटीभर मऊ दलिया. त्याला चव होती, नव्हती असं नाही. पण तो गिळून झाला की जेवल्यासारखं वाटायचं नाही. दुपारी तीनला भूक उसळायची. मी तांब्याभर पाणी प्यायचे आणि भांडी घासायला बसायचे, म्हणजे हाताला काम राही.

खरी पंचाईत चवीची झाली. पाकिटाखेरीज काही खायचं नाही म्हटल्यावर आमटीची चव कोण बघणार? भाकरीवाल्या बाईला सांगितलं, आजपासून तू बघ. तिचं मीठ माझ्याहून चढं. दुसऱ्याच दिवशी पोरं पाणी मागून मागून बेजार झाली. एक जण ताटावरूनच ओरडला, "मावशी, आज मिठाचं पोतं फुटलं काय?" मी दोन दिवस मिठाचा अंदाज डोळ्यांनी केला, तर भाजी अळणी. शेवटी तिलाच रोज थोडं थोडं शिकवत गेले.

पंधरा दिवसांनी काटा एक्क्याण्णववर आला. महिन्यानं नव्वद. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "खूप छान, मॅडम! बाहेरचं काही खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, "बाई, माझं घर म्हंजेच बाहेरचं हाय." तिला कळलं नसावं, पण ती हसली.

दुसऱ्या महिन्यात घोटाळा झाला. माझ्याकडे एक रिटायर कारकून अकरा वर्षांपासून जेवायला येतात. तहसीलमध्ये होते, त्यामुळे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. पाण्याचा जग रिकामा दिसला म्हणून ते स्वतःच तो भरायला आत आले. मी स्टुलावर बसून पाकीट फोडलेलं, वाटीत ओट्स भिजलेले.

"हे काय खाता, ताई?"

"डायटचं हाय, भाऊसाहेब."

त्यांनी वाटीत वाकून बघितलं. मग म्हणाले, "तुमी सोता आपलं जेवण खात न्हाई. मग आमाला काय घालताय?"

मी गुडघ्याचं सांगायला तोंड उघडलं, तोवर ते जग तिथंच ठेवून बाहेर गेले होते. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. दोन-तीन दिवसांत पोरांमध्ये ते पसरलं. कुणीतरी मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं होतं की खानावळवाली मावशी स्वतःचा स्वयंपाक तोंडात घालत नाही. आठवड्याभरात सात-आठ जण कमी झाले. मला लागलं ते भाऊसाहेबांचं. अकरा वर्षं ज्यानं माझ्या हातची भाकरी खाल्ली, त्याला एक वाटी बघून संशय यावा?

भाकरीवाली म्हणाली, "अक्का, कावून जिवाला लावून घेता? सोडा ती पाकिटं. दोन घास त्यांच्यासमोर खा, मिटलं."

"सोडणार न्हाई," मी म्हटलं. "सहा किलो गेलंय. आता सोडलं तर डॉक्टरला वाटलं तेच खरं व्हायचं."

पण लपूनही खाणार नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या पंगतीला मी माझं पाकीट, वाटी, गरम पाण्याचा थर्मास घेऊन बाहेर आले आणि पोरांच्या मधल्या टेबलावर बसले. सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. म्हटलं, "बगा रे. माझा गुडघा गेलाय. डॉक्टरनं वजन उतरवाय सांगितलंय. म्हणून हे खाते. तुमच्या जेवणात खोट हाय म्हणून न्हाई. कुणाला इचारायचं असंल तर आता इचारा."

 मग कोपऱ्यातल्या एका मुलीनं विचारलं. ती पाली गावची, नर्सिंगला होती. "मावशी, पण मग आपलं जेवण खाऊन वजन वाढतं, असंच झालं की."

तिनं कुजकेपणानं नाही विचारलं, सरळ विचारलं.  मी ओट्स खाल्ले, वाटी विसळली आणि आत गेले. संध्याकाळी आमटीला फोडणी देताना पहिल्यांदा तेलाच्या पळ्या मोजल्या. हात सवयीनं चालतो, मोजत नाही. पाच झाल्या तेव्हा थांबले. वर लाल तर्री तरंगली की पोरं खुश होतात, म्हणून दरवर्षी पळी वाढत गेली होती, आणि ते मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तीनच पळ्या. तर्री वेगळ्या भांड्यात काढून टेबलावर ठेवली, ज्याला हवी त्यानं घ्यावी. दोघं-तिघं कुरकुरले, एक जण सोडूनच गेला. जाऊ दे म्हटलं.

तिसरा महिना संपला तेव्हा मी सत्त्याऐंशीला होते. खोका रिकामा झाला. कंपनीतल्या मुलीचा फोन आला, पुढच्या तीन महिन्यांसाठी दुसरं पॅकेज आहे म्हणाली.

मी विचारलं, "आन् ते संपल्यावर?"

"त्यानंतर वजन टिकवायचा प्लॅन आहे, मॅडम."

"तो संपल्यावर?"

 ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तेव्हा तुमचं तुम्हालाच बघावं लागेल." बिचारी खरं बोलली. लेक पैसे भरायला तयार होती, पण मी नको म्हटलं. जे शेवटी करायचंच आहे, ते आजच सुरू करू.

त्यात मी सपशेल आपटले. दुपारी दोन भाकऱ्या, रात्री एक, असं ठरवलं आणि पाळलं. तरी वीस दिवसांत अडीच किलो परत वाढलं. मी काट्यावर तीनदा चढले-उतरले. एवढं थोडं खाऊनसुद्धा? पाकिटांवर होते तेव्हा उतरत होतं, आणि आता मोजून खाते तर चढतंय. त्या दिवशी मला पुन्हा खोका मागवावा असं मनापासून वाटलं. फोन हातात घेतला होता.

मग आठवलं, पाकिटाच्या दिवसांत मी चव बघत नव्हते. आता पुन्हा बघायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याच्या कडेला एक रिकामी वाटी ठेवली. जे जे तोंडात टाकायला हात जाईल, ते तोंडात न टाकता वाटीत टाकायचं. आमटीची अर्धी पळी. शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट, ती काही चिमूट नसते, मूठच असते. भाकरीचा करपलेला पापुद्रा, तेल-तिखट लावून. तळताना तुटलेली भजी. पातेल्याच्या तळाची खरवड. कुणीतरी ताटात सोडलेली न उष्टावलेली अर्धी भाकरी, फेकवत नाही म्हणून. दुपारी एकपर्यंत वाटी भरून वर आली होती. ती भाकरीवाल्या बाईला दाखवली.

ती बघतच राहिली. "अक्का, हे तर एका माणसाचं जेवण हाय!"

"आन् ते मी रोज जेवायच्या आधीच जेवते," मी म्हटलं.

आम्ही दोघी हसलो. अठरा वर्षं मी दिवसाला एक जेवण जास्तीचं जेवत होते, उभ्यानं, आणि कुणी विचारलं तर शपथेवर सांगितलं असतं की मी फार कमी खाते.

तेव्हापासून नियम केला. चव बघायची ती तळहातावर एक थेंब घेऊन, आणि तीही एकदाच. बाकी तोंडात जायचं ते ताटातून, बसून, दुपारी एक आणि संध्याकाळी सातला, बाहेर सगळ्यांच्या पंगतीत. एक भाकरी, वाटीभर आमटी, पालेभाजी, कांदा किंवा काकडी. वाटी केवढी हे पाकिटांनीच दाखवून दिलं होतं. त्यांच्या एका वेळच्या जेवणाएवढी वाटी मी भांड्यांतून शोधून वेगळी काढून ठेवली. उरलेली भाकरी टाकवत नाही म्हणून गल्लीतल्या गायीला. भाकरीवालीला सांगून ठेवलं, माझा हात पातेल्याकडे गेला की धर. तिनं खरंच धरला, किती वेळा. एकदा तर पळी हातातून हिसकावून घेतली आणि म्हणाली, "बसून खायचं ठरलंय ना?" मी तिच्यावर तोंड टाकलं, अर्धा दिवस बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा धरला.

भाऊसाहेब अडीच महिन्यांनी परतले. दुसरीकडे जेवत होते, तिथलं पोटाला बरं पडलं नाही म्हणाले. मी ताट वाढलं आणि माझंही ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं, आपल्या ताटाकडे बघितलं. दोन्हीत तीच आमटी.

"मला वाटलं, तुमी आमाला फसवताय," ते खाली बघून म्हणाले.

"फसवलं न्हाई, भाऊसाहेब. पण तेल लई घालत होते. ते कमी केलंय."

"कळतंय चवीवरून," ते म्हणाले, आणि तर्रीच्या भांड्याकडे हात नेता नेता थांबले. मग नेलाच.

उतरणं फार हळू होतं. महिन्याला एक किलो, कधी तेही नाही. दिवाळीत दोन आठवडे काटा जागचा हलला नाही, एका लग्नाच्या ऑर्डरनंतर दीड किलो वाढलं. मी प्रत्येक सोमवारी काट्यावर उभी राहिले, आकडा कसाही असो, आणि तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेले. डॉक्टरांकडे पुन्हा गेले तेव्हा वर्ष उलटून चार महिने झाले होते. ऐंशी किलो दोनशे ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, "दोनशे ग्रॅम सोडून देऊ." उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी तीन आठवडे खाटेवर होते, खानावळ भाकरीवालीनं चालवली. मीठ अगदी बरोबर होतं, असं सगळे सांगत होते.

आता ओळखीच्या बायका विचारतात, त्या पाकिटांचा उपयोग होतो का हो? मी त्यांना सगळं सांगते. उतरतं, हे खरं. मला त्यांनी वाटी शिकवली, आणि तीन महिने पातेल्यापासून लांब ठेवलं, हेही खरं. पण पातेलं कुठं जात नाही. ज्या बाईला रोज रांधायचंय, तिनं पाकिटं घ्यायच्या आधी एक दिवस रिकामी वाटी ओट्यावर ठेवून बघावी, एवढंच माझं म्हणणं आहे. माझ्या लेकीचं वेगळं. ती रात्री आठला ऑफिसातून येते, घरात गॅस पेटत नाही, बाहेरून काहीबाही मागवते. तिच्यासाठी पाकीट त्यापेक्षा बरं, हे मी तिला सांगितलंसुद्धा. तिनं एक खोका मागवलाय म्हणे.

माझा डावा गुडघा अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी पाच किलो उतरलं तर तो तसाच बरीच वर्षं चालेल, कापायची गरज पडणार नाही. मी म्हटलं, "उतरवते." या वेळी त्यांनी मान वर केली नाही, कागदावर फक्त पुढची तारीख लिहिली.