टाळी आवरणाऱ्या जाऊबाई

आमच्या थोरल्या जाऊबाई संगीताच्या सभागृहात दारावर असतात. तिकीट बघायचं, जागा दाखवायची आणि भलत्या वेळी टाळी वाजू द्यायची नाही. व्हायोलिनच्या कन्चेर्टोचे, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायच्या लांबलचक रचनेचे, तीन भाग असतात. मधे वादक जरा दम खातो, तेव्हा गप्प बसायचं. पण लोकांना कुठला धीर? मागच्या खेपेला मधेच कडकडाट झाला आणि मॅनेजरने बजावलं, "पुन्हा असं झालं, तर दार सोडा आणि कोट सांभाळायच्या खोलीत बसा."

नेमके पुढच्याच कार्यक्रमाला आमचे थोरले दीर बायकोचं काम बघायला आले. सगळा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला. पुढ्यात चहा आला तरी टाळी वाजवतात.

"अहो, आज हात आवरा."

"मी आवरीन गं, हात ऐकतील का?"

जाऊबाईंनी पिशवीतून विणकामाची लोकर काढली आणि तिची लड त्यांच्या दोन्ही मनगटांत अडकवली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "इथे अशी पद्धत आहे का?"

आता काय सांगणार? "आहे," जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी हात पुढे केले. मग त्यांच्या यजमानांनी. बघता बघता पहिली रांग लोकर धरून बसली. एक गृहस्थ तर निळीच हवी म्हणून अडले.

पहिला भाग संपला, सामसूम. दुसरा संपला, कुणी खोकलंसुद्धा नाही. जाऊबाईंचा जीव भांड्यात पडला. तिसरा संपला, वादक वाकला, आणि तरीही सामसूम. पुढच्यांचे हात अडकलेले. मागचे पुढच्यांकडे बघून गप्प. वादकाचा चेहरा पांढराफटक.

"पाय तर मोकळे आहेत," असं म्हणत दीर उठले आणि खड्या आवाजात कवायत सुरू केली, "एक, दोन. एक, दोन." अख्खं सभागृह पाय आपटू लागलं. वादकाला वाटलं, एवढा मान आजवर कुणाला मिळाला नसेल; तो चारदा वाकला.

मध्यंतरानंतर बॅलेचं संगीत होतं. नाचाचा ठेका कानी पडल्यावर ते पाय कसले थांबतात? शेवटी वाद्यवृंदाचे संचालक वादकांकडे पाठ फिरवून प्रेक्षकांनाच काठीने ताल देऊ लागले.

कार्यक्रम संपताच मॅनेजर लालबुंद होऊन दाराशी आला.

"साहेब," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "मधे टाळी वाजली?"

मॅनेजरने बराच विचार केला. "नाही."

"मग उद्या येते दारावर."

दीर मनगटं खाजवत मागून आले. "पुढच्या वेळी जरा मऊ लोकर आण."