साहेब मी, व्हिसा त्याला

नकला मी सगळ्यांच्या करायचो. प्रिन्सिपॉलांची, एसटीतल्या कंडक्टरची, दोंडाईच्याच्या स्टेशनवर नाकातून ओरडणाऱ्या चहावाल्याची. पण सगळ्यात गाजली ती गोऱ्या साहेबाची. आणि गोरा साहेब मी जन्मात पाहिला नव्हता.

ती नक्कल करावी लागली माझ्या रूम पार्टनरमुळे. नव्वदनंतरची गोष्ट. जळगावात एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी धुळ्याचा, तो सावद्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. इंग्रजी माझं बरं होतं, त्याचं नव्हतं. आणि परदेशात जायचं वेड माझं होतं, त्याचं नव्हतं. शाळेत असल्यापासून मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मी जाणार. पेपरात ती चौकट आली, तीही मीच त्याला वाचून दाखवली. विलायतेत दोन वर्षं फिरायला जाता येतं, वय सत्ताविसाच्या आत पाहिजे, लग्न झालेलं नको, फिरता फिरता थोडंफार काम केलं तरी चालतं.

मी मजा म्हणून वाचली. ह्यानं ती ब्लेडनं कापून पाकिटात ठेवली.

बघता बघता त्याचा पासपोर्ट आला. मग कोट शिवायला टाकला. मी धुळ्याला घरी विषय काढला, तर वडील हसले, आणि माझी अक्का पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तठे काय तुना मामा शे का?" संपला विषय. मी तणतणत त्याच्या कोटाबद्दल सांगायला लागलो, तर म्हणते कशी, "कोटना काय राग? तुना पोटमा दुखी राह्यनं, बस!"

दुखत होतं. लपवून काय करू?

त्याच्या वडिलांची परवानगी काढायला मला सोबत नेलं त्यानं. आबा ओसरीवर बसले होते, पायाला बागेतला चिखल वाळलेला.

"कायले चालला तू तिकडे?"

"कामाले, आबा. कष्ट करीन."

"मंग जाय."

एवढंच. तो जर 'फिराले चाललो' म्हणाला असता, तर आबांनी त्याला तिथूनच बागेत पाणी धरायला पाठवला असता. त्या घरात फिरायला जाणं म्हणजे बिघडणं. तीर्थाला जायचं तर केळी कापून झाल्यावर, आणि तेही एकानं मागं राहायचं.

मग फॉर्म आला, सोबत माहितीचा कागद. सगळं इंग्रजीत. साहजिकच वाचायला मी. मी खाटेवर, तो खाली सतरंजीवर, एकेक ओळ मराठीत करून सांगत होतो. मधेच एक ओळ आली. जाण्याचं मुख्य कारण सुट्टी पाहिजे, काम फक्त जोडीला. जो मुळात कामासाठी निघालाय, त्याला हा व्हिसा मिळणार नाही.

माझी जीभ त्या ओळीवरून उडी मारून पुढे गेली. ठरवून नाही गेली, पण परतही नाही आली.

आणि मग सुरू झाल्या मुंबईच्या व्हिसा-मुलाखतीसाठी आमच्या तालमी. मी ट्रंकेवर साहेब, समोर स्टुलावर तो. दारात आजूबाजूच्या खोल्यांमधली पोरं दाटीवाटीनं. मी गालात हवा भरून, डोळे बारीक करून विचारायचो, "वेल वेल, यंग मॅन! व्हॉट विल यू डू इन अवर कंट्री?"

"हार्ड वर्क, सर. डे अँड नाइट, सर."

"व्हेरी गुड!" असं म्हणून साहेब त्याला बक्षीस म्हणून दोन फुटाणे द्यायचा. पोरं खिदळायची. एक पोरगा म्हणाला, "अरे, साहेब इतका भारी शे, तर व्हिसा ह्यालाच देऊन टाका ना!" सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

पंधरा दिवस मी त्याच्याकडून ते उत्तर पक्कं करून घेतलं.

मुंबईला तो निघाला, तेव्हा स्टेशनवर त्याची फाईल मी धरली होती. गाडी लागली. डब्यात चढून त्यानं खिडकीतून हात काढला. "काही सांगाचं राह्यलं का रे?"

राहिलं होतं. एक ओळ राहिली होती. मी म्हटलं, "टाय सरळ कर."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दाढी करत बसलेलो आणि हा आला. कोट खांद्यावर, चेहरा सपाट. माझ्या गालावर अर्धा साबण. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"व्हिसा झाला. साहेब नव्हताच रे. बाई होती."

मग त्यानं सांगितलं. बाईनं पहिलाच प्रश्न तो विचारला आणि ह्यानं धाडकन सांगून टाकलं, हार्ड वर्क. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, हा व्हिसा सुट्टीसाठी आहे, तुम्हाला माहीत नाही का?

"मंग?"

"मंग काय! मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात सुट्टी कोणी घेतलीच नाही. केळीले पाणी लागते. दिवाळीले बी लागते. मामाच्या लग्नातून आबा अक्षता टाकून माघारी आले, पाण्याच्या मोटरीले लाइट येणार होती म्हणून. सुट्टी कशी राहते ते मले एकदा पाह्यचं हाये."

"हे सगळं तू इंग्रजीत बोललास?"

"बनाना, वॉटर, दिवाली, फादर, नो हॉलिडे. असंच. हसली ती. मंग बराच वेळ केळीचंच विचारत बसली."

मी उरलेली दाढी करायला लागलो आणि हनुवटी कापून घेतली.

"कागदावर ते लिहेल होतं म्हणे," तो म्हणाला. "तुले दिसलं नाही का?"

"नसेल दिसलं."

त्यानं मान हलवली. जगाचे चेहरे पाठ असलेला मी, पण त्याला पटलं की नाही, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यानं फाईल उघडली आणि एक कोरा फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. "खिडकीवर दोन मागितले. तू बी भर."

तो विलायतेला गेल्यावर मी भरायला बसलो. नाव, गाव, वय, सगळं झालं. मग जाण्याचं कारण. मी त्याचंच उत्तर त्याच्याच आवाजात म्हणून पाहिलं, हुबेहूब जमलं. पण आमची कुठे केळी? माझे वडील ऑफिसात. दर रविवारी जेवून संध्याकाळपर्यंत घोरायचे.

चार महिन्यांनी त्याचं कार्ड आलं, समोर समुद्र. मागे लिहिलेलं, 'सहा दिवस एका शेतावर फळं तोडतो. रविवारी इथं येऊन बाकावर बसलो. काहीच केलं नाही. लई कंटाळा आला. आबांना सांगू नको.'

मी ते कार्ड पोरांना त्याच्या आवाजात वाचून दाखवलं. पोरं हसून हसून लोळली. मला त्या कंटाळ्याचाही हेवा वाटला. कार्ड मी त्या अर्ध्या फॉर्मला टाचणीनं लावून ठेवलं, आणि सत्ताविसावं उलटलं तेव्हाही ते तसंच होतं.