फाटका कोपरा

दुसऱ्याच्या पट्टीने माप घ्यायचं नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. दुधाचं माप ओतलं की भांड्यात बोट बुडवायचं. गावाहून कार्ड आलं की आधी चारही कोपरे चाचपायचे, मगच माझ्या हातात द्यायचं.

धाकू मेस्त्री असा होता. अंधेरीच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत एकटा राहायचा. सुतार. वाचता येत नव्हतं. मी मराठी घेऊन पदवीधर झालो तेव्हापासून मला 'बीए' म्हणायचा, आणि त्याची पत्रं माझ्याकडे आली. पत्रं थोरल्या बहिणीची, मालनची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. ती सांगायची, गावचे श्यामकांत गुरुजी लिहायचे. शेवटची ओळ ठरलेली: 'तंबाखू सोडलंस की नाही, मेल्या?'

१९६८च्या डिसेंबरात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. प्रवास बंद. घरी बसून तो मालनसाठी आडाळी करू लागला. नारळ खवायची तिची जुनी आडाळी डुगडुगायची.

आठव्या दिवशी कार्ड आलं. उजवा कोपरा नव्हता.

आमच्या कोकणात मयताचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. ते घरात नेत नाहीत. बाहेरच वाचून फाडून टाकतात. मेस्त्री पायरीवरच थांबला.

"वाच."

'सर्व खुशाल. मालनबाय बरी आहे. तू इतक्यात येऊ नको. टाके सांभाळ.'

"आणि कोपरो?"

"पोस्टात फाटला असेल."

"तुका लाकूड कळना नाय, कागद तरी कळाक व्हयो. घडी घालून फाडललो आसा ह्यो." त्याने बोट फिरवलं. "तंबाखूचा काय?"

ती ओळ नव्हती.

"आहे ना," मी म्हणालो. "सोड म्हणते, मेल्या."

त्याने कार्ड काढून घेतलं. समोरच्या नलिनीताईंना हाक मारली. "वैनी, ह्या वाचा बघू. मोठ्यान."

त्यांनी वाचलं. 'टाके सांभाळ'पाशी थांबल्या.

"फुडे?"

"संपलं की."

"तंबाखू?"

"कसली तंबाखू?"

मेस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

"बरा शिकलंस रे, बीए."

त्याने कार्डाचे तुकडे केले. नळावर गेला. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून बादल्या ओतून घेतल्या. पोटावरची पट्टी भिजली. संध्याकाळी पिशवी घेऊन एस.टी.ला निघाला. मी टाक्यांचं बोललो.

"माझे टाके माका म्हायत."

त्याने कुलूप लावलं. तीनदा ओढलं. किल्ली नलिनीताईंकडे दिली, माझ्याकडे नाही.

महिन्याने गुरुजींचं कार्ड आलं, माझ्या नावावर. मी आधी चारही कोपरे चाचपले. मालन तीन दिवसांच्या तापाने गेली होती. धाकूला बरं वाटेपर्यंत कळवायचं नाही असं घरच्यांनी ठरवलं. 'बाकी नातलगांना कळवायला अकरा कार्डांचे कोपरे मी आधीच फाडून ठेवले होते. धाकूला त्यातलंच गेलं, ध्यानात आलं नाही. तो दहाव्याला पोचला. परत कधी जाणार विचारलं, तर सांगत नाही.'

नलिनीताईंकडून किल्ली घेऊन मी खोली उघडली. आडाळीचे तीन पाय बसवलेले. चौथा तासून बाजूला ठेवलेला. त्याच्यावर पेन्सिलीची एक खूण आहे, मेस्त्रीच्याच पट्टीने मोजलेली.