सतरा गोलांचा फ्लेक्स

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये वाढणाऱ्या मुलीला दोन गोष्टी न शिकवता येतात: शिट्टी वाजली की उठणं आणि वडिलांच्या बदलीचा हुकूम आला तरी न रडणं. शिवांजली इंगवलेला तिसरीही आली. संध्याकाळी जवान फुटबॉल खेळायचे आणि एखादा गडी ड्युटीवर अडकला की नऊ वर्षांच्या या पोरीला मध्ये उभी करायचे. त्या धिप्पाड गड्यांशी धक्काबुक्की तिच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून चेंडू कुठं येणार आणि पुढं कुणाकडे द्यायचा, हे ती आधीच बघून ठेवायची. या एका गुणावर तिनं पुढं पोट भरलं.

आधी शाळेचा संघ, मग दिल्लीचा. मध्ये दोन वर्षं कुठल्याच क्लबनं विचारलं नाही, तेव्हा ती गाझियाबादच्या एका शाळेत पीटी शिकवायची आणि शाळा सुटली की रिकाम्या मैदानात एकटीच भिंतीवर चेंडू मारत बसायची. मग गुरुग्रामच्या क्लबनं करार दिला. आता तिथं सहावं वर्ष, वय सत्तावीस आणि दंडावर कॅप्टनची पट्टी. जागा मिडफिल्ड, म्हणजे मैदानाचा मधला पट्टा. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना पोचवायचा, समोरच्यांचा हिसकावायचा आणि नव्वद मिनिटं पळत राहायचं. टाळ्या मात्र गोल मारणारीला. सहा वर्षांत शिवांजलीचे गोल दोन, त्यातलाही एक समोरच्या मुलीच्या पायाला लागून आत गेलेला. यंदा तर एकही नाही.

तिला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वडिलांना.

सुभेदार मारुतराव इंगवले फौजेतून निवृत्त होऊन गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर झाले होते. मुलीचा इथला एकही सामना त्यांनी चुकवला नाही. बायकोनं, गिरिजाबाईंनी, बांधून दिलेला थालीपिठाचा डबा मांडीवर घेऊन ते पहिल्या रांगेत बसायचे आणि सामना संपला की डबा पुढं करत विचारायचे, "आज गोल?" ती नाही म्हणायची. "चलो, नेक्स्ट टाइम," ते म्हणायचे. माणूस प्रेमानंच म्हणत होता. पण प्रेमानं टोचली तरी सुई ती सुईच. जगाला नाही कळला तरी चालेल, या एका माणसाला आपला खेळ कळावा, एवढीच शिवांजलीची आस होती.

यंदा क्लब फायनलला पोचला आणि साताऱ्याकडच्या त्यांच्या गावी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. गाव फौजींचं. तिथं कुणी भरती झाला तरी फ्लेक्स लागतो आणि रिटायर होऊन परत आला तरी लागतो. या फ्लेक्सवर कडेनं नऊ पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, मधोमध शिवांजली आणि खाली ठसठशीत मजकूर: 'सतरा सामने, सतरा गोल, गावची वाघीण'. चुलतभाऊ युवराजनं त्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि तासाभरात तो क्लबात पोचला. संघात गोल मारायचं काम तनयाचं. तिनं सरावाच्या वेळी सगळ्यांसमोर हात जोडले आणि म्हणाली, "दीदी, आपके सत्रह? मेरे तो ग्यारह ही हैं." शिवांजली सगळ्यांबरोबर हसली आणि घरी येऊन तिनं तो फोटो वडिलांपुढं धरला.

मारुतरावांनी आढेवेढे न घेता कबूल केलं. यंदा दर सामन्यानंतर थोरले भाऊ अण्णासाहेब गावाहून फोन करायचे आणि पोरीनं किती मारले ते विचारायचे. शून्य म्हणायला जीभ रेटत नव्हती. दोन म्हटलं तर बढाई वाटेल, म्हणून दर वेळी एकच सांगितला. फौजी माणूस, खोटंसुद्धा शिस्तीत बोलला.

"बाबा, तुम्हाला माझ्या खेळाची लाज वाटते का?" शिवांजलीनं विचारलं.

उत्तर दिलं ते गिरिजाबाईंनी, हातातलं लाटणं न थांबवता. "अहो, सव्वीस वर्षं फौजेत होता. शत्रूवर बंदूक किती वेळा चालवलीत?"

एकदाही नाही. मारुतराव रसदीच्या ट्रकवर होते. लडाखच्या घाटांतून वरच्या चौक्यांना पीठ, रॉकेल आणि बूट पोचवायचे. सुट्टीवर गावी गेले की लोक विचारायचे, किती मारले, आणि ते विषय बदलायचे. वरच्या चौकीतले जवान ट्रक दिसला की खाली धावत यायचे, हे त्यांनी आयुष्यात फक्त बायकोला सांगितलं होतं.

फायनलला ते डबा घेऊन आले, पण चेंडूच्या मागे नजर पळवायचं त्यांनी सोडून दिलं. नव्वद मिनिटं फक्त मुलीकडे पाहिलं. संघ एका गोलानं जिंकला आणि तो गोल तनयाचा. शिवांजली घामानं निथळत कठड्याशी आली आणि सवयीनं 'नाही' म्हणायच्या तयारीत उभी राहिली.

"तू उजवीकडे चेंडू दिलास तेव्हा तिथं कुणीच नव्हतं," मारुतराव म्हणाले. "मला वाटलं, गेला वाया. मग तनया पोचली. ती तिथं येणार, हे तुला आधीच दिसलं होतं ना?"

"बिल्कुल," ती म्हणाली, आणि बदलीच्या हुकमांना कधी न रडलेल्या कॅप्टनसाहेबांना तिथं कठड्याशी रडू आलं.

मारुतरावांनी तिथूनच अण्णासाहेबांना फोन लावला. खोटं बोललो म्हणून आधी माफी मागितली, मग नवा फ्लेक्स लावायला सांगितला. त्यावर गोल शून्य असंच छापा, म्हणाले. अण्णासाहेब चपापले. लोक हसतील, म्हणाले.

"हसू द्या, अण्णा. खाली माझा नंबर टाका. ज्याला हसू येईल त्यानं मला फोन करावा."

फ्लेक्स तसाच लागला: शिवांजली मारुतराव इंगवले, विजेत्या संघाची कॅप्टन, मिडफिल्डर, गोल शून्य. पुढाऱ्यांचे नऊ चेहरे याही फ्लेक्सवर हसत राहिले. त्याला आता महिना झाला. सोसायटीच्या गेटवर सुपरवायझरसाहेबांचा फोन अजून वाजतो. समोरची गाडी आत सोडून झाली की ते सावकाश फोन उचलतात आणि म्हणतात, "वेळ आहे ना? मग बसा. आधी रसदीपासून सांगतो."